पुरावा पोचला तेव्हा

ऑक्टोबर 1838 मध्ये प्रशियातल्या क्योनिग्सबर्गहून फ्रीडरिश बेसल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलला एक पत्र धाडलं. हंस तारकासमूहात 61 सिग्नी नावाचा एक मंद तारा आहे, चांगल्या काळोखात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो वर्षभरात किंचित डोलतो, हे बेसलने मोजलं होतं. तो डोलताना दिसतो, कारण आपण फिरत असतो. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला, जुलैत दुसऱ्या बाजूला, मध्ये तीस कोटी किलोमीटर. एवढ्या लांबच्या दोन टोकांवरून पाहिलं तर जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांवर सरकलेला दिसायलाच हवा. यालाच पराशय म्हणतात. बेसलला मिळालेला कोन होता 0.31 विकला. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला, आणि त्यातल्या एका विकलेचा जेमतेम तिसरा हिस्सा. पर्वतीवर उभं राहून सिंहगडावर कुणी धरलेलं दहा रुपयांचं नाणं बघावं, तर ते जेवढं दिसेल तेवढा हा कोन.

कोपर्निकसचं पुस्तक 1543 सालचं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्यावर कुणालाही सुचेल अशी सर्वांत साधी शंका म्हणजे, मग तारे हलताना का दिसत नाहीत? तिचं उत्तर हाती यायला 295 वर्षं गेली. आणि इतक्या वर्षांनी ते आलं तेव्हा त्याच्यासाठी कुणी अडून बसलेलं नव्हतं. बेसलला लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, त्याच्या चिकाटीचं सगळीकडे कौतुक झालं. पण सूर्य मध्ये की पृथ्वी मध्ये, यावर त्या पत्रामुळे मत बदललेला खगोलशास्त्रज्ञ शोधून सापडायचा नाही. ते मत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं.

कशाच्या जोरावर ठरलं?

आकाशदर्शनाला आलेली शाळकरी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, त्यांच्या शब्दांत: "पृथ्वी फिरते हे तुम्ही बघितलंय का?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्यावर आपण मोठी माणसं बहुधा एक गोष्ट सांगतो. पूर्वी लोक अज्ञानी होते, मग कोपर्निकस आला, गॅलिलिओने दुर्बीण लावली, चर्चने त्याला छळलं, शेवटी सत्य जिंकलं. छळ खराच झाला. पण या गोष्टीत खगोलशास्त्रज्ञच कुठे दिसत नाहीत. रात्र रात्र जागून ग्रहांच्या जागा टिपणारे, कोष्टकं रचणारे, पत्रांतून एकमेकांना पेचात पकडणारे ते लोक. त्यांचं मत बदलायला तीन-चार पिढ्या गेल्या, आणि त्यांच्या 'नाही'ला भक्कम कारणं होती. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

2024 च्या डिसेंबरात मंगळ कर्क राशीत, पुष्याच्या धूसर तारकापुंजाजवळ येऊन थबकला. ग्रह एरवी ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात. हा तिथून उलटा फिरला. पंचांगात 'मंगळ वक्री' एवढ्या दोन शब्दांत जी नोंद येते, ती प्रत्यक्ष बघायला गच्चीवर अनेक आठवडे द्यावे लागतात. जानेवारीत तो पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी पोचला. त्या दिवसांत सूर्य मावळता मावळता तो पूर्वेला उगवायचा, रात्रभर आकाशात असायचा, आणि एरवीपेक्षा कितीतरी तेजस्वी, तांबूस दिसायचा. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा थबकला आणि मार्गी झाला. मी तारानकाशाच्या प्रतीवर पेन्सिलीने त्याचे ठिपके देत होतो. ठिपक्यांची रांग वळलेली दिसली तेव्हा अंगावर काटा आला. बाबिलोनपासून उज्जैनपर्यंत, हजारो वर्षं, कितीतरी माणसांनी हे वळण असंच टिपलं होतं.

इसवी सन 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने या वळणाचं गणित बसवलं. ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या लहान वर्तुळाचं केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर फिरतं. दोन्ही गती जुळून आल्या की ग्रह काही काळ मागे जाताना दिसतो. ही रचना चौदाशे वर्षं टिकली ती लोक आळशी होते म्हणून नव्हे. तिच्यावरून ग्रह कुठे दिसेल ते सांगता यायचं. पण तिच्या पोटात एक विचित्र योगायोग होता. मंगळ, गुरू आणि शनी वक्री होतात ते नेहमी सूर्याच्या समोर आल्यावरच, आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत तेजस्वी असतात. टॉलेमीच्या रचनेत हे साधण्यासाठी तिघांच्याही लहान वर्तुळांची चाल सूर्याच्या वार्षिक चालीशी मुद्दाम जुळवून घ्यावी लागते. ती का जुळावी, याला त्या रचनेत उत्तर नाही.

बाल्टिक समुद्राच्या काठी फ्राउएनबुर्ग इथे चर्चच्या कारभारात काम करणाऱ्या निकोलस कोपर्निकसकडे ते उत्तर होतं. पृथ्वी आतल्या, वेगवान कक्षेतून मंगळाला मागे टाकते तेव्हा मंगळ मागे जाताना दिसणारच, आणि हे घडणार ते पृथ्वी मंगळ आणि सूर्य यांच्या मधोमध येते तेव्हाच. त्याच वेळी मंगळ आपल्याला सर्वांत जवळ, म्हणून सर्वांत तेजस्वी. योगायोग उरतच नाही. आणखीही एक गोष्ट आपोआप जागेवर बसते. बुधाला सूर्याभोवती फिरायला 88 दिवस, शुक्राला 225, पृथ्वीला एक वर्ष, मंगळाला जवळजवळ दोन, गुरूला बारा, शनीला सुमारे तीस. जितका दूर तितका सावकाश. टॉलेमीच्या जगात प्रत्येक ग्रहाचं गणित स्वतंत्र होतं, त्यांची अंतरं एकमेकांना बांधलेली नव्हती. इथे सगळं एका सूत्रात आलं, एक ग्रह हलवला तर सगळी रचना हलेल असं. माझ्या मते कोपर्निकसचा खरा युक्तिवाद एवढाच होता, आणि तो अतिशय सुंदर होता.

पण नुसत्या सुंदर असण्यावर खगोलशास्त्रज्ञ भाळले नाहीत, आणि त्याला कारण होतं. कोपर्निकसला टॉलेमीची एक युक्ती खुपत होती. टॉलेमीने ग्रहाची गती वर्तुळाच्या केंद्रावरून एकसारखी ठेवली नव्हती, ती दुसऱ्याच एका बिंदूवरून एकसारखी दिसेल अशी योजली होती. आकाशातली गती एकसारखी आणि वर्तुळाकारच असली पाहिजे, ही जुनी श्रद्धा कोपर्निकसने टॉलेमीपेक्षाही कडकपणे पाळली. ती पाळण्यासाठी त्यालाही लहान वर्तुळं लागलीच. शेवटी त्याच्या गणितातून येणाऱ्या ग्रहांच्या जागा जुन्या कोष्टकांपेक्षा फारशा अचूक निघाल्या नाहीत. निरीक्षकाच्या हाती नवं असं काही पडलं नव्हतं. त्यातच छपाईच्या वेळी आंद्रेआस ओसिआंडरने, स्वतःचं नाव न घालता, पुस्तकाला एक प्रस्तावना जोडली: हे सगळं केवळ गणिताच्या सोयीसाठी आहे, खरं मानायची गरज नाही. कोपर्निकस 24 मे 1543 रोजी वारला.

ओवेन गिंगरिच या खगोल-इतिहासकाराने या पुस्तकाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे 600 प्रती देशोदेशीच्या ग्रंथालयांत जाऊन तपासल्या. कुणी कुठल्या पानावर काय लिहून ठेवलंय, हे बघायला. विटेनबर्गच्या एरास्मुस राइनहोल्टची प्रत त्यात आहे. मुखपृष्ठावर त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की आकाशातली गती एकसारखी आणि वर्तुळाकार असते, किंवा अशा गतींची मिळून बनलेली असते. म्हणजे त्याला या पुस्तकात भावलं ते हे. पृथ्वी फिरते यावर तो रेंगाळलाच नाही. याच राइनहोल्टने 1551 मध्ये कोपर्निकसच्या गणितावरून ग्रहांची कोष्टकं तयार केली आणि ती युरोपभर वापरली गेली. गणित घेतलं, पृथ्वीची गती बाजूला ठेवली. त्या पिढीतल्या बहुतेकांनी हेच केलं. सोळावं शतक संपेपर्यंत पृथ्वी खरोखरच फिरते असं मानणारे खगोलशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

आता टायको ब्राहे. याच्याविषयी मी जरा लांबण लावणार आहे.

डेन्मार्कच्या राजाने ह्वेन नावाचं अख्खं बेट त्याला दिलं. तिथे त्याने वेधशाळा उभारली, खोल्या व्यापतील एवढी धातूची आणि लाकडाची यंत्रं बनवून घेतली, आणि दुर्बिणीचा शोध लागण्याआधी, नुसत्या डोळ्यांनी, एक-दोन कलांपर्यंतची अचूकता गाठली. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी तीस कला असते, यावरून अंदाज यावा. 1572 चा नवतारा आणि 1577 चा धूमकेतू चंद्राच्या पलीकडे आहेत हे त्याने दाखवून दिलं, तेव्हा आकाश अविकारी असल्याच्या जुन्या कल्पनेला त्यानेच तडा दिला. हा माणूस जुन्याला कवटाळणारा नव्हता. कोपर्निकसचं गणित त्याला मनापासून आवडत होतं. तरी पृथ्वी फिरते हे त्याने नाकारलं, कारण त्याने पराशय शोधला आणि तो मिळाला नाही.

पराशय नाही, याचा अर्थ एक तर पृथ्वी स्थिर आहे, किंवा तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत. दुसरा पर्याय टायकोने गांभीर्याने तपासला. डोळ्यांना तारे बिंदू दिसत नाहीत, त्यांना थोडा आकार असल्यासारखा वाटतो. मध्यम तेजाच्या ताऱ्याची रुंदी त्याने सुमारे एक कला धरली. आता पराशय एका कलेपेक्षा कमी आहे, म्हणजे त्या ताऱ्यावरून पाहिलं तर पृथ्वीची कक्षासुद्धा जेमतेम एका कलेएवढी दिसणार. आणि तो तारा आपल्याला एका कलेएवढा दिसतोय. म्हणजे तो एकटा तारा पृथ्वीच्या कक्षेएवढा थोराड हवा! सूर्य त्याच्यापुढे ठिपका. आणि असे तारे आकाशात शेकड्यांनी. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागदावर मांडून बघितला. त्यात कुठेही फट नाही. हाती असलेल्या मोजमापांवरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

कासेलचा क्रिस्टोफ रोटमान कोपर्निकसच्या बाजूचा होता. त्याने टायकोला पत्रातून विचारलं, तारे एवढे मोठे असण्यात अशक्य ते काय? देवाच्या अपार सामर्थ्याला ते शोभणारंच आहे. शाळेतल्या गोष्टीत देवाचा आधार घेणारे सगळे एका बाजूला असतात. इथे मोजमाप घेऊन उभा आहे तो पृथ्वी स्थिर मानणारा, आणि देवाचं सामर्थ्य पुढे करतोय तो पृथ्वी फिरवणारा. टायकोने मधला मार्ग काढला: बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि त्यांना घेऊन सूर्य पृथ्वीभोवती. वक्री गतीचं स्पष्टीकरण तेच राहतं, पराशयाची अडचणही येत नाही.

पुढे 1610 मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले, आणि त्याच वर्षअखेरीस शुक्र चंद्रासारखा कोरीपासून पूर्ण बिंबापर्यंत रूपं बदलतो हेही दिसलं. शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्याने निर्विवाद सिद्ध झालं. टॉलेमीचं जग तिथे संपलं. पण टायकोच्या जगातही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो! दुर्बिणीने जुनी रचना पाडली, पण उरलेल्या दोघांतून एक निवडून दिला नाही. 1616 मध्ये रोमने कोपर्निकसचं पुस्तक 'दुरुस्ती होईपर्यंत' रोखलं, 1620 मध्ये त्या दुरुस्त्या जाहीर झाल्या. गिंगरिचला इटलीतल्या बऱ्याच प्रतींत त्या ओळी खोडलेल्या आढळल्या, इटलीबाहेरच्या प्रतींत क्वचितच. 1633 च्या खटल्यात सत्तरीच्या घरातल्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत सोडायला लावलं गेलं. त्या अन्यायाचं मोल कमी होत नाही. मात्र पृथ्वीच्या गतीचा पुरावा म्हणून तो ज्यावर भर देत होता तो भरती-ओहोटीचा युक्तिवाद चुकीचा होता, हे त्याच्या काळातल्या जाणकारांनाही जाणवत होतं.

माझ्या मते कामकरी खगोलशास्त्रज्ञांना वळवलं ते योहानेस केप्लरने. आणि तेही टायकोच्याच आकड्यांनी.

1600 मध्ये केप्लर प्राग इथे टायकोकडे आला, दीड वर्षात टायको वारला, आणि मंगळाची अनेक वर्षांची निरीक्षणं केप्लरच्या हाती आली. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्याने अफाट आकडेमोड केली. शेवटी एक रचना जमली, पण काही जागी तिच्यात आणि निरीक्षणात आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव भागाहून थोडं जास्त. टॉलेमी किंवा कोपर्निकस असता तर एवढा फरक त्याने निरीक्षणातली चूक म्हणून सोडून दिला असता. केप्लरला ठाऊक होतं की टायको आठ कलांनी चुकत नाही. त्याने काही वर्षांचं काम बाजूला सारलं आणि नव्याने सुरुवात केली. मृत माणसाच्या मोजमापावर एवढा विश्वास, आणि तोही त्या माणसाचं विश्वाविषयीचं मत मान्य नसताना! विज्ञानाच्या इतिहासात मला याहून मोठं काही फार आढळलेलं नाही. त्या आठ कलांनीच सगळ्या खगोलशास्त्राच्या पुनर्रचनेची वाट दाखवली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. कक्षा वर्तुळ नाही, लंबवर्तुळ आहे, आणि सूर्य तिच्या एका नाभीत आहे. 1609 मध्ये हे छापून आलं. कोपर्निकसची लहान वर्तुळं आणि त्याची एकसारख्या गतीची श्रद्धा, दोन्ही गेली. सूर्य मात्र राहिला, आणि आता त्याला काम मिळालं: ग्रह सूर्याजवळ येतो तेव्हा वेगाने धावतो, लांब जातो तेव्हा रेंगाळतो.

लंबवर्तुळ वाचून लोक लगेच पटले असं नाही. गॅलिलिओनेसुद्धा ते कधी स्वीकारलं नाही. पटवलं कोष्टकांनी. 1627 मध्ये केप्लरने उल्म इथे आपली 'रुडॉल्फाइन' कोष्टकं छापली. त्यांच्या आधारे त्याने भाकीत केलं की 7 नोव्हेंबर 1631 रोजी बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल. केप्लर 15 नोव्हेंबर 1630 रोजी वारला. पुढच्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली आणि वाट बघत बसला. अपेक्षेपेक्षा फारच लहान असा एक काळा ठिपका दिसला. आधी त्याला तो सौरडागच वाटला, पण डाग एवढ्या वेगाने सरकत नाहीत. बुधच होता. केप्लरचं गणित एका अंशाच्या छोट्याशा भागाने चुकलं होतं, इतर कोष्टकं चार-पाच अंश आणि त्याहूनही जास्त. पंचांग करणाऱ्याला, समुद्रावर वाट शोधणाऱ्याला, ग्रहण वर्तवणाऱ्याला तात्त्विक वाद बाजूला ठेवता येतो. पाच अंश बाजूला ठेवता येत नाहीत. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत युरोपातले गणिती हळूहळू केप्लरची कोष्टकं वापरू लागले, आणि वापरता वापरता त्यामागचा सूर्यही त्यांनी स्वीकारला.

तरी टायकोचा आक्षेप तसाच उभा होता. 1651 मध्ये बोलोन्यात जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चिओली या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने एक जाडजूड ग्रंथ काढला आणि पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे 49 आणि विरोधातले 77 असे 126 युक्तिवाद तपासले. त्याच्या चित्रात तराजू आहे. एका पारड्यात कोपर्निकसचं जग, दुसऱ्यात टायकोचं जरा बदललेलं, आणि टॉलेमीचं खाली जमिनीवर पडलेलं. विरोधातले बरेच युक्तिवाद त्याने स्वतःच निकालात काढले. शेवटी वजन पडलं ते ताऱ्यांच्या आकाराला, आणि दुसऱ्या एका हुशार मुद्द्याला: पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा सरळ न जाता थोडा बाजूला जायला हवा. तो जायलाच हवा, आणि जातोही. फक्त ते विचलन त्या काळच्या तोफांच्या नेमात हरवून जाण्याइतकं लहान होतं. तत्त्वात रिच्चिओली बरोबर होता. चंद्रावरच्या विवरांना आज आपण वापरतो ती बरीचशी नावं त्यानेच दिली, आणि त्यातलं एक ठळक, 93 किलोमीटर रुंदीचं, किरणांचा पिसारा असलेलं विवर त्याने कोपर्निकसच्या नावाने ठेवलं. लहान दुर्बिणीतून ते सहज दिसतं. मुलांना ते दाखवताना मी नाव ठेवणाऱ्याचंही नाव आवर्जून सांगतो.

ताऱ्यांच्या आकाराचं कोडं सुटण्याची खूण सतराव्या शतकातच सापडली होती. चंद्र ताऱ्यावरून जातो तेव्हा तारा हळूहळू झाकला जात नाही, क्षणात नाहीसा होतो. रोहिणी अशी चंद्राआड जाताना मी पाहिली आहे. चंद्राच्या काळ्या कडेला ती ठसठशीत तळपत असते आणि पुढच्या क्षणी तिथे काहीच नसतं. एका कलेचं बिंब असतं तर त्याला झाकायला चंद्राला जवळजवळ दोन मिनिटं लागली असती. म्हणजे तो आकार खोटा होता, प्रकाशाच्या वागण्यातून येणारा. दुर्बिणीत दिसणाऱ्या त्या खोट्या चकतीचं पक्कं गणित जॉर्ज एअरीने 1835 मध्ये मांडलं. टायको चुकला तो ज्या कारणाने, ते कारण कळायला प्रकाशाच्या तरंगांचं शास्त्र जन्माला यावं लागलं.

1687 मध्ये न्यूटनचा ग्रंथ आला आणि खगोलशास्त्रज्ञांपुरता निकाल लागला. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीपेक्षा लाखो पटींनी जास्त आहे. एवढा सूर्य सगळ्या ग्रहांचा गोतावळा घेऊन पृथ्वीभोवती का फिरेल, याला टायकोच्या जगात काही कारणच देता येईना.

आणि मग अगदी अनपेक्षित जागी पुरावा सापडला. 1725 च्या डिसेंबरात लंडनजवळ क्यू इथे सॅम्युअल मॉलिन्यूच्या घरी चिमणीला चोवीस फुटी दुर्बीण उभी बांधून जेम्स ब्रॅडली पराशय शोधायला बसला. कालेय समूहातला एक तारा लंडनच्या डोक्यावरून, जवळजवळ खस्वस्तिकातून जातो. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेमुळे वाकत नाही, म्हणून तोच निवडला. तारा हलला! पण पराशयामुळे ज्या काळात ज्या दिशेला हलायला हवा होता, तसा नाही. तीन महिन्यांचा फरक पडत होता. वर्षभरात तो सुमारे चाळीस विकला झुलून पुन्हा जागेवर आला. पुढे वॉन्स्टेडला आपल्या मामीच्या घरी छपराला भोक पाडून ब्रॅडलीने दुसरी दुर्बीण लावली, आणखी तारे बघितले. सगळे तसेच झुलत होते. कोडं उलगडलं ते टेम्स नदीवर नावेत असताना, असं सांगतात. नाव वळली की डोलकाठीवरचा वातदर्शक वळायचा, वारा मात्र तोच असायचा. नावेची गती वाऱ्यात मिसळत होती. तशीच पृथ्वीची गती ताऱ्याच्या प्रकाशात मिसळते, म्हणून प्रत्येक तारा आपण ज्या दिशेने धावतोय त्या दिशेला किंचित झुकलेला दिसतो. याला ॲबरेशन म्हणतात. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, हेही ब्रॅडलीने त्यातूनच काढलं.

पृथ्वी धावते याचा पहिला थेट पुरावा हा, 1729 सालचा. शोधायला निघाला होता पराशय. तो ब्रॅडलीला मिळाला नाही, पण असलाच तर एका विकलेहून कमी आहे एवढं त्याने खात्रीने सांगितलं. म्हणजे तारे सूर्यापेक्षा निदान दोन लाख पट दूर. टायकोला जे अंतर अशक्य वाटलं होतं त्याहूनही कितीतरी जास्त, आणि आता ते ऐकून कुणाला धक्का बसला नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलताना आर्यभटाचं नाव निघतंच, आणि निघायलाच हवं. 499 च्या आपल्या ग्रंथात त्याने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं. नावेतल्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टान्त आहे. वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांनी त्याला विरोध केला. सूर्य मध्ये आहे असं मात्र आर्यभटाने म्हटलेलं नाही, आणि त्याचं मोठेपण सांगायला तसं म्हणायची गरजही नाही. केरळात पंधरावं शतक उलटताना नीलकंठ सोमयाजींनी पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी रचना मांडली, टायकोच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. कोपर्निकसचं जग मराठीत आलं ते बेसल क्योनिग्सबर्गमध्ये तारे मोजत होता त्याच दशकात. भोपाळजवळ सिहोर इथे लॅन्सेलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठिंब्याने सुबाजी बापूंनी पौराणिक, सिद्धान्तांतलं आणि कोपर्निकसचं अशा तिन्ही विश्वांची तुलना करणारं पुस्तक मराठीत लिहिलं. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा आधार घेत घेत ते वाचकाला नव्या रचनेपर्यंत आणतात. पुढे 1860 मध्ये केरूनाना छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली, आणि पंचांगातला ग्रह आकाशात दिसतो तिथेच असावा, हा आग्रह इथेही मूळ धरू लागला. पॅरिसमध्ये गासेंदी कागदावर तोच ताळा बघत बसला होता.

"बघितलंय का?" विचारणाऱ्या मुलांना मी आता एक तारीख देतो. 19 फेब्रुवारी 2027 रोजी मंगळ सूर्याच्या समोर येईल, सिंह राशीत, मघेजवळ. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत तो वक्री असेल. त्याच भागात, त्याच सुमारास गुरूही वक्री असेल. दर चार-पाच दिवसांनी दोघांच्या जागा तारानकाशावर टिपायच्या, ढग आले तर एक दिवस पुढे ढकलायचं. मंगळ सुमारे वीस अंश मागे जाईल, गुरू साधारण दहा, कारण गुरू कितीतरी लांब आहे. त्याच कागदावर शनीचे ठिपके त्याच्या वक्री काळात दिले तर ते सातेक अंशच भरतील. तिन्ही वळणं आपल्या एकाच फेरीची आहेत. मोजायला पेन्सिल आणि पट्टी पुरते.